सिल्वासा, सुधीर फडके आणि आम्ही

प्रत्येक पिढीचा एक आवडता गायक असतो. त्या गायकाच्या आवाजाशी त्या पिढीचे बालपण, शाळा, घरातील माणसे आणि गावाचे ऋतू कायमचे जोडले जातात. उतारवयात एखादे जुने गाणे अवचित कानी पडावे आणि पन्नास वर्षांपूर्वीचा ओसरीवरील कंदील डोळ्यांपुढे उभा राहावा, हा अनुभव वाचकांपैकी अनेकांनी घेतला असेल. आमच्या बाबतीत तो आवाज सुधीर फडके यांचा, म्हणजे अवघा महाराष्ट्र ज्यांना बाबूजी म्हणतो त्यांचा. यात वेगळे काय, असे कोणी विचारील. वेगळे इतकेच की आमचे बालपण सिल्वाशात गेले आणि सिल्वासा व सुधीर फडके यांचे नाते केवळ रेडिओचे नव्हते. ते नाते आम्हांस उशिरा कळले आणि कळल्यानंतरही त्याचे मोल ध्यानी यावयास आणखी बराच काळ लागला. त्या विलंबाची ही हकीकत आहे.

प्रथम प्रदेशाची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. दादरा आणि नगर हवेली हा बहात्तर गावांचा मुलूख दमणगंगेच्या खोऱ्यात, वापी स्थानकापासून थोड्याच अंतरावर सुरू होतो. वस्ती मुख्यतः वारली, कोकणा, धोडिया व कातकरी यांची. मराठा आरमाराने पोर्तुगीजांचे 'सांताना' नावाचे जहाज हस्तगत केले, त्याची भरपाई म्हणून पेशव्यांनी १७७९ च्या तहान्वये या भागाच्या महसुलाचा हक्क पोर्तुगीजांना दिला. १७८३ मध्ये नगर हवेली आणि १७८५ मध्ये दादरा त्यांच्याकडे गेले. सिल्वासा हे त्या वेळी एक खेडे होते. १८८५ मध्ये पोर्तुगीजांनी त्यास शहराचा दर्जा देऊन 'पासो द आर्कोस' असे लिस्बनकडील नाव दिले, परंतु ते कागदोपत्रीच राहिले. लोकांच्या तोंडी गाव सेल्वासच राहिले. आम्ही आयुष्यभर महसुलाचे कागद चाळले असल्यामुळे एक गोष्ट आम्हांस नेहमी कुतूहलाची वाटत आली आहे. पेशव्यांनी दिला होता तो वसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही तहाचा अर्थ असाच लावला. मात्र वसुलीचा धनी हळूहळू मुलखाचा धनी होऊन बसला आणि इंग्रजांनीही ते मान्य केले. असे सुमारे पावणेदोनशे वर्षे चालले.

आमचे वडील, ज्यांस आम्ही अण्णा म्हणत असू, मुक्तीनंतर तिसऱ्या वर्षी प्राथमिक शिक्षक म्हणून सिल्वाशास आले. आमचा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी तेथेच झाला. म्हणजे जेव्हा आम्ही जन्मलो तेव्हा हा प्रदेश पोर्तुगीजांचाही नव्हता आणि कायद्याच्या भाषेत पुरता भारताचाही झालेला नव्हता. १९५४ ते १९६१ अशी सात वर्षे तेथील कारभार वरिष्ठ पंचायतीकडे होता. ११ ऑगस्ट १९६१ रोजी विलीनीकरण झाले. त्या करारावर पंडित नेहरूंसमवेत सही करावयास तेथे कोणी शासनप्रमुख हवा, म्हणून बदलानी या सनदी अधिकाऱ्यास एका दिवसापुरते 'पंतप्रधान' करण्यात आले. सरकारी नोकरीत आम्हांस नाना प्रकारचे अतिरिक्त कार्यभार सांभाळावे लागले, परंतु असा कार्यभार कोणाच्याही वाट्यास आला नसेल, असे आम्ही सहकाऱ्यांस गमतीने सांगत असू.

घरात एक बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. त्याचा परवाना टपाल कार्यालयातून दरसाल नूतनीकरण करून आणावा लागे. ती पुस्तिका अण्णा शाळेच्या हजेरीपटाइतक्याच काळजीने ठेवीत. बॅटरी महाग, म्हणून रेडिओ वाटेल तेव्हा लावण्याची मुभा नव्हती. सकाळच्या बातम्या आणि आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील मराठी गाणी, एवढाच शिधा होता. 'जगाच्या पाठीवर' आणि 'सुवासिनी' या चित्रपटांतील गाणी तेव्हा घरोघरी पोहोचली होती. आम्ही ते चित्रपट पाहिले ते फार पुढे. गाण्यांवरूनच आम्ही मनाशी त्यांच्या कथा रचल्या होत्या, आणि खरे सांगावयाचे तर त्या मूळ कथांपेक्षा आम्हांस अधिक आवडत.

रामनवमीच्या सुमारास 'गीतरामायण' लागे. त्या दिवशी ओसरीवर शेजारीपाजारी येत. गुजराती दुकानदार येई, चर्चच्या बाजूस राहणारे एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ येत आणि पाड्यांवरची दोनचार वारली मुलेही पायरीवर टेकत. त्यांतला एक आमच्याच वर्गात होता. त्याचे आजोबा तारपा वाजवीत. एक गीत ऐकून झाल्यावर त्याने अण्णांस विचारले होते, "गुरुजी, हा राम रानात गेला तेव्हा त्याला रानातल्यांनी काय खायला घातलं?" अण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, "तुमच्याच माणसांनी बोरं घातली, बाळ." तो मुलगा त्या दिवसापासून रामास आपला पाहुणा समजू लागला.

सिल्वाशाच्या बोलीत तेव्हा मराठी, गुजराती, वारली यांचे मिश्रण असे आणि मधूनच एखादा पोर्तुगीज शब्द डोकावे. प्रमाण मराठी आम्हांस पुस्तकात दिसे, कानांवर क्वचितच पडे. ती उणीव सुधीर फडक्यांच्या गाण्याने भरून काढली. त्यांच्या गायनात शब्द सुरांखाली कधी दडपला जात नाही. ण आणि न, ळ आणि ल, ऱ्हस्व आणि दीर्घ, जोडाक्षरातील प्रत्येक व्यंजन आपापल्या जागी स्वच्छ उभे असते. अण्णा वर्गात शुद्धलेखन घालताना एखाद्या शब्दाशी मुले अडली की म्हणत, "फडके कसे म्हणतात ते आठवा." कोणा संगीतकाराचा असा उपयोग अन्य कोणत्या शाळेत झाला असेल असे वाटत नाही. पुढे आम्ही मुंबईस महाविद्यालयात गेलो तेव्हा आमच्या उच्चारांवरून कोणी आम्हांस सीमेपलीकडचे म्हणून ओळखले नाही, याचे श्रेय त्या रेडिओस आहे.

आता १९७४ सालाकडे येऊ. २ ऑगस्ट हा तेथील मुक्तिदिन. त्या वर्षी मुक्तीस वीस वर्षे पूर्ण होत होती. शाळेत झेंडावंदनानंतर एक पाहुणे बोलावयास उभे राहिले. ते स्वतः मुक्तिसंग्रामात होते. त्यांनी शांतपणे, कोठेही आवाज न चढविता हकीकत सांगितली. २१-२२ जुलै १९५४ च्या रात्री फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या लोकांनी दादरा घेतले. तेथील पोलीस अधिकारी अनिसेतो रोझारियो या चकमकीत मारले गेले. 'ते आपल्या कामावर होते आणि कामावरच गेले,' एवढेच पाहुणे त्यांच्याविषयी बोलले. शत्रूविषयी असे बोलता येते, हे आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकले. २८ जुलैस आझाद गोमंतक दलाने नरोली मुक्त केली. साम्यवादी कार्यकर्त्यांनीही वारली वस्तीच्या गावांतून आपली आघाडी उघडली होती. मग पुण्याहून राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या तरुणांची तुकडी भर पावसात निघाली. राजा वाकणकर, नाना काजरेकर, विनायकराव आपटे, पुढे शिवचरित्रकार म्हणून ख्याती पावलेले बाबासाहेब पुरंदरे अशी नावे पाहुणे सांगत गेले, आणि त्या ओघातच त्यांनी म्हटले, "आमच्याबरोबर सुधीर फडके होते."

आम्ही तेव्हा पंधरा वर्षांचे होतो. आम्हांस वाटले, हे कोणी दुसरे फडके असावेत. सायंकाळी घरी येताच आम्ही विचारले, "अण्णा, ते सुधीर फडके म्हणजे आपले गाणारे फडके नव्हेत ना?"

"तेच ते," अण्णा म्हणाले.

"तुम्हांला ठाऊक होतं?"

"येथे आलो त्याच वर्षी कळलं होतं."

"मग आम्हांला कधी सांगितलं कसं नाहीत?"

अण्णा थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "त्यांनी ते गाण्यात आणलं नाही. आपण कशाला आणायचं?"

त्या उत्तराने आमचे समाधान झाले नाही. आज वाटते, फडके यांच्या स्वभावाचे याहून नेमके वर्णन आम्ही अन्यत्र वाचलेले नाही.

१९५४ साली फडके कोठे होते, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे. २५ जुलै १९१९ रोजी कोल्हापुरास जन्मलेल्या या माणसाने तारुण्यात अन्नाला महाग होऊन उत्तर हिंदुस्थान पालथा घातला होता. १९४१ मध्ये एच.एम.व्ही.त प्रवेश, १९४६ मध्ये प्रभातचा 'गोकुळ', त्यानंतर 'लाखाची गोष्ट'सारखे गाजलेले चित्रपट अशा पायऱ्या चढून ते नुकतेच स्थिरावले होते. १९४९ मध्ये ललिता देऊळकर या गायिकेशी विवाह झाला होता. त्या लग्नात महंमद रफी यांनी मंगलाष्टके म्हटली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. घरी लहान मुलगा होता. अशा वेळी नाव, काम आणि संसार यांपैकी काहीही पणाला लावण्याची त्यांस गरज नव्हती. मोहिमेसाठी पैसा हवा होता, तेव्हा त्यांच्या पुढाकाराने पुण्यास लता मंगेशकर यांचा कार्यक्रम झाला आणि त्यातून निधी उभा राहिला. कलावंताने एवढे करून थांबावे, तरी कोणी बोल लावला नसता. परंतु ते स्वतःही तुकडीबरोबर आले. आपला पस्तिसावा वाढदिवस होऊन एक आठवडा लोटतो न लोटतो तोच हा संगीतकार नगर हवेलीच्या चिखलात उभा होता. २ ऑगस्टच्या पहाटे सिल्वाशावर तिरंगा चढला. प्रशासक कॅप्टन फिदाल्गो खानवेलच्या बाजूस निसटले आणि ११ ऑगस्टला त्यांनी भारतीय पोलीस दलापुढे शरणागती पत्करली.

आता दुसरी तारीख पाहा. पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायणा'चे पहिले गीत प्रक्षेपित झाले ते रामनवमीस, १ एप्रिल १९५५ रोजी. सीताकांत लाड यांची योजना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द, फडक्यांचे संगीत आणि आठवड्यास एक याप्रमाणे १९ एप्रिल १९५६ पर्यंत छप्पन्न गीते. सिल्वाशाचा झेंडा आणि हे पहिले गीत यांत अवघ्या आठ महिन्यांचे अंतर आहे. एका कामाने दुसऱ्यास जन्म दिला, असे आम्ही म्हणणार नाही, कारण असे जोडकाम करण्यास पुरावा लागतो. परंतु जो माणूस ऑगस्टमध्ये येथे होता तोच एप्रिलमध्ये तेथे होता, ही गोष्ट कागदाइतकी पक्की आहे. वनवास, नदी ओलांडणे, पराक्रम, विरह यांना चाल लावणाऱ्यास रात्र, पाऊस आणि भय हे केवळ शब्द नव्हते.

या कार्याशी त्यांचा संबंध त्या पहाटेपाशी संपलाही नाही. गोवा मुक्तिलढ्यातील मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगात होते. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत. त्यांच्या सुटकेसाठी फडक्यांनी चिकाटीने प्रयत्न केले. रानडे अखेर जानेवारी १९६९ मध्ये मुक्त झाले. एका बाजूस 'भाभी की चूडियाँ', 'मुंबईचा जावई' अशा चित्रपटांचे संगीत आणि दुसऱ्या बाजूस हा पत्रव्यवहार, असे त्यांचे दिवस जात होते.

आमच्याविषयी सांगावयाचे तर, हे सारे कळल्यानंतर आम्ही त्यांचे अधिकच भक्त झालो असू, असे वाचकांस वाटेल. झाले उलटेच. तारुण्याचा एक अहंकार असतो. वडिलांना जे आवडते ते जुने, अशी आमची समजूत झाली. बुधवारी रात्री अमीन सायानींची बिनाका गीतमाला आणि राहुलदेव बर्मन यांची नवी गाणी यांनी आमच्यावर मोहिनी घातली होती. त्यात वावगे काही नव्हते. त्या गाण्यांवर आमचे आजही प्रेम आहे. परंतु १९७७ सालची एक गोष्ट आम्हांस विसरता येत नाही. आम्ही मुंबईस शिकत होतो. अण्णा सिल्वाशाहून मुद्दाम आले, ते फडक्यांच्या एका कार्यक्रमाची दोन तिकिटे घेऊन. शिक्षकाच्या पगारात ती चैनच होती. आम्ही त्यांस सांगितले की परीक्षेचा अभ्यास आहे, आणि मित्रांसमवेत 'हम किसीसे कम नहीं' पाहावयास गेलो.

रात्री ते परतले तेव्हा आम्ही विचारले, "कसा झाला कार्यक्रम?"

"चांगला झाला. शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर छत्री ठेवली," एवढेच ते बोलले. कार्यक्रमानंतर भेटून 'मी सिल्वाशाचा शिक्षक' एवढे त्यांस सांगावे, अशी अण्णांची इच्छा होती. गर्दीत एकट्याने पुढे जाण्याचा त्यांस संकोच वाटला. बरोबर मुलगा असता तर गेलो असतो, असे त्यांनी आमच्या आईस सांगितल्याचे आम्हांस बऱ्याच वर्षांनी कळले.

पुढे आम्ही महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गेलो. जिल्हे बदलले, पदे बदलली. सीमेलगतच्या तालुक्यांत काम करताना सिल्वाशाच्या जमिनींचे जुने कागद अधूनमधून दृष्टीस पडत. पोर्तुगीजांनी 'अल्वारा' म्हणून दिलेल्या जमिनी आणि त्या कसणारे वारली यांचा प्रश्न सुटावयास १९७१ चा जमीन सुधारणा कायदा यावा लागला. मुलूख एका पहाटेत मुक्त होतो, परंतु कुळाच्या नावाची नोंद व्हावयास सतरा वर्षे लागतात. हे लक्षात आल्यावर मुक्तीचे मोल आम्हांस कमी वाटू लागले असे नव्हे, ते अधिक नीट कळू लागले. झेंडा लावणाऱ्यांनी आपला वाटा उचलला होता. उरलेला वाटा आमच्यासारख्या फायली हाताळणाऱ्यांचा होता, आणि तो सर्वांनीच वेळेवर उचलला असे म्हणवत नाही. आमच्या वर्गातील त्या वारली मित्राच्या बापाच्या नावे जमीन झाली तेव्हा तारपा वाजविणारे आजोबा हयात नव्हते.

१९५५ मध्ये पोर्तुगालने भारताविरुद्ध हेगच्या न्यायालयात दावा लावला होता. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने नागरिक, मुलकी अधिकारी व माल यांच्या जाण्यायेण्याचा पोर्तुगालचा हक्क मान्य केला, सशस्त्र दलांचा व शस्त्रास्त्रांचा अमान्य केला, आणि भारताने १९५४ मध्ये आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही असे म्हटले. जगातील नामवंत कायदेपंडित ज्या प्रश्नावर पानेच्या पाने युक्तिवाद करीत होते, तो प्रश्न निर्माण करणाऱ्या मूठभर माणसांत आमचे शुद्धलेखन सुधारणारा एक गायक होता, हे आजही नवलाचे वाटते.

फडक्यांचे निधन २९ जुलै २००२ रोजी मुंबईस झाले. अखेरची वर्षे त्यांनी 'वीर सावरकर' या चित्रपटासाठी वेचली आणि २००१ मध्ये तो प्रदर्शित झालेला पाहिला. निधनानंतर चौथ्या दिवशी मुक्तिदिन होता. आम्ही रजा काढून सिल्वाशास गेलो होतो. अण्णा पंच्याहत्तरीचे. त्यांस हात धरून आम्ही एका समारंभास नेले. भाषणे झाली, विकासाचे आकडे सांगितले गेले. त्या व्यासपीठावरून चार दिवसांपूर्वी गेलेल्या त्या मुक्तिसैनिकाचे नाव कोणी घेतले नाही. कदाचित वक्त्यांस ठाऊक नसेल. ठाऊक नसणे हा गुन्हा नव्हे. पंधराव्या वर्षापर्यंत ते आम्हांसही ठाऊक नव्हते. समारंभ संपण्यापूर्वीच अण्णा म्हणाले, "घरी चल."

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून जुनी कॅसेट काढावयास सांगितली. आम्ही ती लावली. या वेळी शेजारच्या खुर्चीवर आम्ही बसलो होतो. पहिली बाजू संपेपर्यंत दोघेही बोललो नाही. मग ते म्हणाले, "तू आता हे सांगत जा. त्यांनी गाण्यात आणलं नाही हे त्यांचं मोठेपण. आपण सांगितलं नाही तर तो आपला आळस." १९७४ मध्ये दिलेल्या उत्तराची त्यांनी अशी दुरुस्ती केली. तीन वर्षांनी अण्णाही गेले.

आता निवृत्तीनंतर आम्ही पुन्हा सिल्वाशास राहतो. गाव ओळखू येणार नाही इतके बदलले आहे. कारखान्यांमुळे देशाच्या सर्व भागांतून माणसे आली आहेत. २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवसह एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. मराठी कानांवर पडते, परंतु पूर्वीहून कमी. १ मे २०२४ रोजी 'स्वरगंधर्व सुधीर फडके' हा चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा त्यांच्याविषयी पुन्हा थोडी चर्चा झाली, याचा आनंद वाटला. मात्र चर्चा ओसरते. म्हणून दरवर्षी जुलैअखेरीस शेजारच्या मुलांना बोलावून आम्ही दोनतीन गाणी ऐकवितो आणि गायकाची ही दुसरी हकीकत सांगतो. मुले भोजपुरी, ओडिया, गुजराती, वारली अशा नाना भाषा बोलणारी आहेत. शब्द त्यांस पुरते कळत नाहीत. गेल्या खेपेस एका मुलीने विचारले, "आजोबा, हे गाणारे खरंच आपल्या गावात आले होते? कुठल्या रस्त्यानं?"

आम्ही छत्री घेतली आणि पावसातच तिला तो रस्ता दाखवावयास निघालो.